लहान सुखांची कैफियत

सुखाविषयीं आपल्या लोकांत दोन मतें फार जुनीं आहेत. एक, सुख हें क्षणभंगुर असून शहाण्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये. दुसरें, चार दिवसांचा हा खेळ आहे, तेव्हां मिळेल तेवढें सुख पदरांत पाडून घ्यावें. पहिलें मत सभेंत बोलावयाचें व दुसरें घरीं आचरावयाचें असा बहुतेकांचा शिरस्ता असल्यामुळें दोहोंत भांडण म्हणून होत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय असलेलीं सुखें इतकीं लहान आहेत कीं, त्यांच्यासाठीं उपनिषदांतील श्रेय आणि प्रेय यांचा वाद उकरून काढणें कोणास हास्यास्पद वाटेल. घरीं भाजलेली नानकटाई, पेटींतून काढलेलें आजीचें लुगडें, आणि मित्रांबरोबर घालविलेला शनिवार-रविवार, एवढाच या सुखांचा पसारा. परंतु गेल्या जानेवारींत याच तीन गोष्टींवरून आमच्या मंडळींत एक तंटा उपस्थित झाला आणि पंचवीस वर्षांच्या मैत्रीस तडा गेला. तेव्हांपासून हा प्रश्न माझ्या मनांतून जात नाहीं. वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं हींच सुखें नांदत असतील, म्हणून तो त्यांच्यापुढें मांडतों.

आमची मंडळी म्हणजे कल्याण-डोंबिवलीकडील पांच कुटुंबें. महिन्यांतून एक शनिवार-रविवार एकत्र घालवावयाचा, पत्ते खेळावयाचे, कोणी नवें पुस्तक वाचलें असेल तर त्यावर वाद घालावयाचा, आणि थंडीच्या दिवसांत एखाद्या गडाच्या पायथ्याशीं जावयाचें, असा क्रम आहे. अलीकडे त्यांत दोन गोष्टींची भर पडली. 2020 सालच्या टाळेबंदींत, घराबाहेर पडण्याची बंदी असतांना, अनेक घरांप्रमाणें आमच्याही घरांत केक, पाव, नानकटाई भाजण्याचा नाद शिरला. टाळेबंदी गेली, नाद राहिला. दुसरी गोष्ट वेषाची. एका स्नेह्याच्या पत्नीस माहेरच्या पेटींत आजीचें नऊवारी इरकली लुगडें सांपडलें. तें नेसून त्या एका बैठकीस आल्या आणि सर्वांसच तो छंद जडला. कोणी आजोबांचा लांब काळा कोट बाहेर काढला, कोणी उपरणें धुवून घेतलें, कोणी खणाची चोळी शिवून घेतली. माझ्या वांट्यास वडिलांची काळी टोपी आली. ती मला लहान होते, तरी मी ती हट्टानें घालतों.

अशा थाटांत आम्ही जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस सिद्धगडास गेलों. हा गड मुरबाड तालुक्यांत सह्याद्रीच्या मुख्य धारेस लागून उभा आहे. मुरबाडहून म्हसा, म्हशावरून नारिवली, आणि पुढें पायथ्याचें रान. जवळच गोरखगड व मच्छिंद्रगड यांचे सुळके, पाठीमागें भीमाशंकरचें अरण्य. पौषी पौर्णिमेस म्हशाची मोठी यात्रा भरते. बैलांचा बाजार आणि घोंगड्या यांसाठीं ती प्रसिद्ध आहे. वाटेंत तिची तयारी चाललेली दिसली. थंडी होती, ऊन कोंवळें होतें, गाडींत तुपाचा वास दरवळत होता. यापरतें सुख तें कोणतें, असें मी म्हणालोंही.

पायथ्याच्या रानांत एक स्मारक आहे. 2 जानेवारी 1943 रोजीं विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे दोघे याच रानांत पोलिसांच्या गोळ्यांनीं पडले. कोतवाल माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबांत 1 डिसेंबर 1912 रोजीं जन्मले. ते वकिलीचें शिक्षण घेतलेले व माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. शेतकऱ्यास पावसाळ्यांत सावकाराच्या दारीं धान्यासाठीं जावें लागूं नये म्हणून त्यांनीं खालच्या गांवांत धान्यकोठ्या काढल्या, शाळा काढल्या. 1942 च्या चळवळींत ते भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्यानें मुंबईस वीज नेणारे तारांचे मनोरे पाडले. गिरण्या आणि आगगाड्या यांना लागणारी ती वीज ज्या खेड्यांच्या डोक्यावरून जात असे त्या खेड्यांत रात्रीं काळोख असे. आमच्या घरची भट्टी विजेवर चालते. पण हें मला त्या दिवशीं सुचलें नाहीं, मागाहून सुचलें.

स्मारकावर 2 तारखेस वाहिलेल्या हारांचीं फुलें सुकून गेलीं होतीं. आम्ही नमस्कार केला, आणि सवयीनें सावली पाहून सतरंजी अंथरली. मीं डबा काढला. झांकण अर्धें उघडलें असेल नसेल, तोंच आमच्यांतील सर्वांत अबोल स्नेही म्हणाला, "अरे, येथें नको." कोणास ऐकूं आलें नाहीं असें नव्हे, परंतु सर्वांनीं तसें दाखविलें. तेव्हां तो उठला आणि म्हणाला, "ही जागा फराळाची नाहीं. आणि हें काय सोंग आहे? उपरणें, लुगडीं! आपण येथें कशासाठीं आलों आहों तें एकदां ठरवा." दुसऱ्या एकानें सहज म्हणावें तसें उत्तर दिलें, "आपण सुखानें चार घांस खावे म्हणूनच तर हे लोक गेले ना?" तो कांहीं बोलला नाहीं. झाडाखालीं लांब जाऊन बसला. आम्ही नानकटाई खाल्ली. मींही खाल्ली, उत्तम झाली होती. परतीच्या वेळीं मुरबाडास तो गाडींतून उतरला आणि एस्‌. टी. नें एकटाच घरीं गेला. तेव्हांपासून आमच्या शनिवार-रविवारांत तो आलेला नाहीं.

प्रथम मला तो सरळसरळ चुकला असें वाटलें. आपल्याकडे पावित्र्याचा अर्थ तोंड आंबट करून बसणें असा करणारे लोक पुष्कळ आहेत, व त्यांच्यामुळें सद्‌गुणांची जेवढी नालस्ती झाली तेवढी दुर्गुणांमुळेंही झाली नसेल. परंतु हा स्नेही त्यांतला नव्हे. पत्त्यांत डाव लागला कीं मोठ्यानें हंसणारा, आंब्याच्या दिवसांत कोणाच्या बोलावण्याची वाट न पाहणारा असा तो माणूस आहे. त्याचा आक्षेप सुखावर नव्हता. मग कशावर होता?

दुसऱ्या स्नेह्यानें जें उत्तर दिलें तें आधीं तपासावें, कारण तें आपण सर्वच देत असतों. हुतात्म्यांनीं प्राण दिले ते आपण सुखानें रहावें म्हणून; तेव्हां आपण सुखानें राहिलों कीं त्यांचें ऋण फिटलें, असा हा युक्तिवाद आहे. तो फार सोयीचा आहे, आणि सोयीचा युक्तिवाद दिसला कीं माणसानें सावध व्हावें. ऋणकोनें सावकारास म्हणावें, "तुम्हीं पैसे दिले ते मीं खर्चावे म्हणूनच ना? मग मीं ते खर्चिले, हिशेब मिटला," तशांतला हा प्रकार आहे. शिवाय कोतवालांनीं जें केलें त्याच्याशीं तो जुळतही नाहीं. त्यांनीं कोठ्या काढल्या त्या धान्याच्या. ज्याच्या घरांत आषाढांत दाणा नसतो त्यास दुसऱ्याच्या ओटीवर ताटकळावें लागूं नये, ही त्यांची इच्छा. आमच्या डब्यांतील तूप आणि मैदा यांचें रक्षण करण्यासाठीं कोणी सिद्धगडाच्या रानांत थंडींत रात्री काढल्या नाहींत.

म्हणून नानकटाईस स्वतःची बाजू स्वतःच मांडूं द्यावी; हुतात्म्यांस तिची साक्ष द्यावयास लावूं नये.

ती बाजू बरीच बळकट आहे असें माझें मत आहे. बाजारांत मिळते त्याहून घरची नानकटाई चांगली असते असा माझा दावा नाहीं. निदान आमच्या घरची पहिलीं दोन वर्षें तर मुळींच नव्हती. तरी तिच्यांत जें सुख आहे तें विकत मिळत नाहीं. तळणीचा पदार्थ डोळ्यांसमोर होतो. फुगला, फसला, तें तेथल्या तेथें कळतें. भाजण्याच्या पदार्थास एकदां आंत ठेवलें कीं आपला हात संपला. मग नुसती वाट पहावयाची, आणि ती वाट पाहणें वासानें भरून जातें. आमच्या लहानपणीं घरांत भट्टी नव्हती. दिवाळीच्या आधीं रवा, मैदा, पिठीसाखर, तूप फेंसून गोळे करावयाचे, बेकरीवाल्याकडून आणलेल्या पत्र्यांवर ते मांडावयाचे, आणि ते पत्रे डोक्यावर घेऊन रात्रीं भट्टीवर जावयाचें. तेथें अर्धी आळी जमलेली असे. पत्र्यांवर नांवांच्या चिठ्ठ्या असत, त्या जळत. मग आपली नानकटाई कोणती यावरून बायकांत जें वाक्‌युद्ध होई त्याची सर मला पुढें एकाही साहित्यसंमेलनांत आढळली नाहीं. भाजणें ही कला आपल्याकडे परकी आहे असेंही नव्हे. कोंकणांत जून काकडी किसून, तांदळाचा रवा व गूळ घालून धोंडस करितात तें वरखालीं निखारे ठेवून भाजलेलेंच असतें. त्यास केक म्हटलें नाहीं एवढेंच.

आणि यांतील मुख्य गोष्ट ही कीं, केवळ स्वतःसाठीं कोणी केक भाजीत नाहीं. एकट्याची भूक भाकरीनें भागते. भाजलेल्या पदार्थाचा आकारच असा कीं तो कापून वांटावा लागतो, किंवा डब्यांत भरून न्यावा लागतो. एपिक्यूरस या ग्रीक तत्त्वज्ञाचें नांव चैनीस पर्याय म्हणून वापरण्याची चाल पडली आहे. वस्तुतः अथेन्समधील आपल्या बागेंत तो मित्रांसमवेत बहुधा भाकर व पाणी यांवर रहात असे, आणि मेजवानी करावीशी वाटली तर एखादें मडकें चीज पाठव असें त्यानें एका मित्रास लिहिल्याचें प्रसिद्ध आहे. चीज मागावयाचें तेंही मित्रापाशीं, ही त्यांतील खरी गोडी. ॲरिस्टॉटलनें मैत्रीचा विचार करतांना एक म्हण सांगितली आहे, तिचा आशय असा कीं, बरोबरीनें पुरेसें मीठ खाल्ल्यावांचून माणसें एकमेकांस ओळखीत नाहींत. आपल्याकडेही मिठाचा वाक्प्रचार आहे. पण आपण खाल्ल्या मिठाला जागतों. तेथें मीठ दोघे बरोबरीनें खातात, येथें तें एक देतो आणि दुसरा खातो. बरोबरीच्या मिठासाठीं आपल्या भाषेंत शब्द तयार व्हावा इतका तो प्रसंग आपल्या समाजांत पूर्वीं येतच नसावा. पाव विहिरींत टाकून गांवेंच्या गांवें बाटविल्याच्या कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगतात. त्या कितपत खऱ्या याचा निर्णय इतिहासज्ञ करोत, पण पावाच्या तुकड्यानें माणूस जातीबाहेर जातो हा समज ज्यांच्या मनांत पक्का होता त्यांच्यांतच अशा कथा रुजतात.

या समजाची कसोटी 1890 च्या ऑक्टोबरांत पुण्यास लागली. पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानाच्या निमित्तानें जमलेल्या मंडळींपुढें चहा आणि बिस्किटें आलीं. मंडळींत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी घेतलीं, कोणी नुसता पेल्यास हात लावला. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें वृत्तपत्रांत छापून आणिलीं, आणि पुण्यांत जें ग्रामण्य माजलें तें शंकराचार्यांपर्यंत जाऊन पोंचलें. आज हें वाचून आपण हंसतों. मला मात्र त्या प्रकरणाचा शेवट हंसण्यासारखा वाटत नाहीं. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें; तो त्यांच्या पक्षास साजेसा डाव होता. रानड्यांनीं मात्र 1892 त प्रायश्चित्त घेतलें तें, आपण पाप केलें असें वाटून नव्हे, तर आपल्यामुळें मित्रांच्या घरांत जो कलह व जें दुःख उत्पन्न झालें होतें तें मिटावें म्हणून. रमाबाईंनीं आपल्या आठवणींत ही हकीकत दिली आहे. सुधारकांनीं रानड्यांस त्याबद्दल दोष दिला. मीही तरुणपणीं देत असें. तत्त्व हें तत्त्व, त्यांत मित्रांची अडचण कशाला, असें मला वाटे. बिस्किट खाण्यांत दोष नव्हता हें रानड्यांस टीकाकारांहून कमी ठाऊक नव्हतें. परंतु आपण बरोबर आहों एवढ्यानें आपल्यावरील सर्व देणें फिटतें असें त्यांनीं मानिलें नाहीं. सिद्धगडाच्या रानांत मी बरोबर होतों किंवा नव्हतों हें बाजूस ठेवलें, तरी एक मित्र "येथें नको" म्हणाला असतां डब्याचें झांकण परत लावावयास मला किती श्रम पडले असते?

कपड्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. जुना वेष धारण करण्यांत एक अवर्णनीय सुख असतें. आरशांत आपल्याऐवजीं कोणी पूर्वज उभा राहतो; चालणें बदलतें, बोलणें सावकाश होतें, क्षणभर आपणही कोणाच्या तरी ओळींत उभे आहों असें वाटतें. यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु जुन्या वेषांतून आपण काय उचलतों आणि काय पेटींतच ठेवतों? इरकली लुगडें उचलतों; विधवेचें लाल आलवण कोणी उचलीत नाहीं. पगडी उचलतों, पगडीच्या घाटावरून माणसाची जात ओळखतां येत असे व तेवढ्यासाठींच ती तशी बांधीत असत, हें विसरतों. ज्या आजीचें लुगडें आज कौतुकानें नेसावयाचें तिच्याच पिढीच्या आधीं आगरकरांस, स्त्रियांनीं जाकिटें घालावींत, असें प्रतिपादन करण्यास लेखणी झिजवावी लागली आणि त्याबद्दल शिव्या खाव्या लागल्या. आणि ज्या वर्षीं पुण्यांत बिस्किटांवरून वादळ उठलें त्याच 1890 सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें नाभिक बांधवांची सभा भरली, आणि यापुढें विधवांचें केशवपन करावयाचें नाहीं असा निश्चय त्यांनीं केला. ज्यांच्या घरांत हें क्रौर्य होत होतें त्यांनीं नव्हे, तर ज्यांच्या हातून तें करवून घेतलें जात होतें त्यांनीं तो वस्तरा खालीं ठेवला. भाई कोतवाल याच समाजांत पुढें जन्मले. त्यांच्या स्मारकासमोर आम्ही भूतकाळाचा वेष करून बसलों होतों, तो त्याच भूतकाळाचा कांठपदर होता.

लोखंडे यांचें नांव आलें तसें तिसऱ्या सुखाचेंही सांगून टाकतों. आपला रविवार आकाशांतून पडला नाहीं. ठाण्यास जन्मलेल्या या गृहस्थानें 1884 त गिरणी कामगारांची संघटना काढली, 24 एप्रिल 1890 रोजीं मुंबईस कामगारांची प्रचंड सभा भरविली, आणि त्याच वर्षीं 10 जून रोजीं गिरणीमालकांनीं आठवड्यास रविवारची सुटी मान्य केली. चहा-बिस्किटें, केशवपन आणि रविवार, तिन्ही गोष्टी एकाच सालीं याव्या यांत कांहीं गूढ संकेत आहे असें मी मानीत नाहीं. सालें अशीं जुळतच असतात. एवढें मात्र दिसतें कीं, आपण ज्यांना निरुपद्रवी, घरगुती, कोणाच्या अध्यांत ना मध्यांत अशीं सुखें समजतों त्यांपैकीं प्रत्येकीसाठीं कोणी तरी कधीं तरी रस्त्यावर उभें राहिलें होतें.

मग काय करावें? दर रविवारीं सकाळीं उठून लोखंड्यांस स्मरावें आणि मगच पोहे खावे? असली सक्ती करणारा माणूस मला असह्य होईल, आणि लोखंड्यांसही झाला असता. ज्यानें रविवार मिळवून दिला त्यानें तो आराम करण्यासाठींच मिळवून दिला. तेथें तरी कामगारांस अपराधी वाटावें अशी त्याची इच्छा नव्हती. सुख भोगतांना त्याची किंमत सदोदित मोजीत बसणारास सुखही लाभत नाहीं आणि ती किंमत देणारासही कांहीं पोंचत नाहीं. विसरणें हा सुखाचा अर्धा भाग आहे. मित्रांच्या बैठकींत आपण घड्याळ विसरतों, वय विसरतों, ऋणेंही विसरतों. आणि तेवढ्यानेंच सोमवारीं पुन्हां तीं आठवण्याचें बळ येतें. 31 जुलै 1921 रोजीं परळास विलायती कपड्यांची प्रचंड होळी झाली. ते कपडे जाळण्याऐवजीं उघड्यानागड्यांस कां देऊं नयेत, असा आक्षेप रवींद्रनाथांनीं त्या चळवळीवर घेतला होता. मला दोन्ही बाजूंचें म्हणणें पटतें. पण होळींत आपलें रेशीम टाकणाऱ्यानें तें कधीं आवडीनें अंगावर घातलें होतें, म्हणूनच त्याच्या टाकण्यास मोल आलें. ज्यास कशाचीच गोडी नाहीं त्याचा त्याग कोणी मोजीत नाहीं.

येथपर्यंत विचार आला तेव्हां स्नेह्याचा आक्षेप मला थोडाफार समजूं लागला. तो असा होता कीं, विसरण्यासाठीं अवघी दुनिया मोकळी आहे. एक जागा तरी अशी असावी कीं जेथें विसरावयाचें नाहीं. आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं औचित्य म्हणून जें तत्त्व सांगितलें, क्षेमेंद्रानें तर त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तें काव्यापुरतें आहे अशी आपली समजूत आहे. मेखला गळ्यांत आणि हार कमरेस बांधला तर दागिने खोटे ठरत नाहींत. बांधणारा हास्यास्पद ठरतो. आमची नानकटाई खोटी नव्हती.

तथापि त्याचेंही सर्व बरोबर होतें असें मी म्हणणार नाहीं, आणि याचें कारण त्याच दिवशीं पुढें घडलेली एक गोष्ट आहे. तो लांब बसला होता म्हणून त्यानें ती पाहिली नाहीं. परततांना आम्ही पायथ्याच्या एका वाडींत पाण्यासाठीं थांबलों. एका घराच्या ओसरीवर एक म्हातारा बसला होता. आमच्याकडे नीट पाहून त्यानें विचारलें, "तुमी नाटकवाले का?" आम्ही हंसलों. तेवढ्यांत विहिरीकडून एक वृद्ध बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन आल्या. त्यांनींही लुगडें नेसलें होतें, गुडघ्यापर्यंत खोंचलेलें, विटलेलें, एका बाजूस दुसऱ्या रंगाचा तुकडा जोडलेलें. त्यांनीं हंडे उतरविले आणि आमच्या स्नेह्याच्या पत्नीच्या इरकलीकडे पाहिलें. दोघींची नेसण एकच होती. त्या बाईंनीं पदर बोटांत धरून पाहिला, आणि म्हणाल्या, "चांगलं हाय. आमच्या सासूचं असंच व्हतं." त्यांत मत्सर नव्हता, टोमणा नव्हता; कापड पाहणाऱ्या बाईचें तें साधें बोलणें होतें. आमच्या स्नेह्याच्या पत्नीचा चेहरा मात्र उतरला. घरीं गेल्यावर त्या म्हणाल्या कीं, एवढी वर्षें कपडे घालीत आलें, पण आपण कपडे घातले आहेत हें त्या दिवशीं प्रथम कळलें.

मी उरलेला डबा त्या ओसरीवर ठेवला. त्या बाईंनीं पोरांस हांक मारली, एकेक नानकटाई त्यांच्या हातावर ठेवली, एक म्हाताऱ्यास दिली, एक स्वतः घेतली, आणि आम्हांस म्हणाल्या, "तुमी बी घ्या कीं." आम्ही पोटभर खाऊन आलों होतों, तरी त्यांच्याबरोबर पुन्हां खाल्ली. मग त्यांनीं आंतून वालाच्या शेंगा आणून डब्यांत भरल्या. मी नको म्हणालों तेव्हां त्या किंचित्‌ रागावल्या. स्मारकाविषयीं मीं म्हाताऱ्यास विचारलें. तो म्हणाला, दोन तारखेस माणसें येतात, भाषणें होतात, जेवतात, जातात. पोरांना खाऊ मिळतो. आम्हीं तेथें बसून खाल्लें याचें त्यास कांहींच वाटलें नाहीं. त्याच्या लेखीं ती जागा देवाच्या जागेसारखी होती, आणि देवाच्या जागीं माणूस खातोच.

यावरून आम्ही निर्दोष ठरलों असें कोणी समजूं नये. त्या वाडीचा त्या जागेवर जो अधिकार आहे तो आमचा नाहीं. त्यांच्यासाठीं ती जागा शेजारची आहे, आमच्यासाठीं सहलीची. पण तेथें जाऊन गंभीर मुद्रेनें उभें राहणें व डबा बंद ठेवून परत घेऊन येणें, हेंही मला आतां पुरें वाटत नाहीं. स्मारकापाशीं डबा उघडावयाचा नव्हता, आणि वाडींत तो आधीं उघडावयास हवा होता. पण ज्या क्रमानें आम्ही गेलों त्यांत वाडी शेवटीं आली, तीही तहान लागली म्हणून.

हें सर्व मला त्या स्नेह्यास सांगावयाचें होतें. दूरध्वनीवर तो तब्येतीचें बोलला, मुलांचें बोलला, सिद्धगडाचें बोलला नाहीं. आमच्या सूनबाईंनीं गेल्या आठवड्यांत पुन्हां नानकटाई केली. मीं ती त्याच जुन्या डब्यांत भरली व स्वतः त्याच्या घरीं जाऊन दिली. तो घरीं नव्हता. वहिनींनीं डबा घेतला, चहा केला, बसावयास सांगितलें. डबा अद्याप परत आलेला नाहीं. त्यांच्या घरीं रिकामा डबा परत पाठविण्याची चाल नाहीं, हें मला पंचवीस वर्षांच्या अनुभवानें ठाऊक आहे; तेव्हां उशीर होत असेल तर तो आंत काय घालावें या विचारानेंच होत असावा, असें मी धरून चाललों आहें.